दृश्याच्या मापाचे संगीत : चित्रपट आणि मालिकेसाठी पार्श्वसंगीत कसे करावे

कोल्हापूर आणि परिसरात चाल बांधणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. भजनी मंडळात पेटी धरणारे, खासबागेच्या मैदानात हलगी कडाडवणारे, गणेशोत्सवात मंडळांसाठी गाणी करून देणारे, देवल क्लबच्या बैठकांत कान तयार झालेले असे अनेक जण इथे आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांच्या घरी आता संगणक, एखादा बरा मायक्रोफोन आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअरही आहे. लघुपट, वेबमालिका आणि आसपासच्या गावांत चित्रित होणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका यांच्यामुळे अशांकडे पार्श्वसंगीताची विचारणाही होऊ लागली आहे. विचारणा आली की बहुतेक जण पेटी उघडून चाल शोधायला बसतात आणि अडचण तिथूनच सुरू होते. गाण्यात चालीचे राज्य असते. ठेका, वाद्यमेळ, मधले तुकडे सगळे तिच्या मागून येतात. पार्श्वसंगीतात राज्य दृश्याचे असते. संगीत कुठे सुरू व्हावे, किती सेकंद चालावे, कोणत्या पात्राच्या मनाजवळ राहावे आणि कुठे अजिबात असू नये, एवढे ठरले की चालीचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. म्हणून पुढील विवेचनही याच क्रमाने केले आहे : आधी दृश्य, मग वेळ, मग स्वर आणि वाद्ये.

या शहराला हे काम नवे नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने इथे मूकपट काढले, त्या काळात मूकपटाच्या खेळाला पडद्यापाशी पेटी-तबल्याची साथ असे आणि वादक पडद्याकडे पाहत हाताला सुचेल तसे वाजवीत. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातच स्थापन झाली आणि १९३२ मध्ये तिने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. नट कॅमेऱ्यासमोरच गात, साथीदार चौकटीबाहेर बसून वाजवीत आणि चित्र व ध्वनी एकाच वेळी टिपले जात. त्यामुळे संगीताचा काळ आणि चित्राचा काळ वेगळा करण्याचा प्रश्नच नव्हता. आज संगीतकाराच्या हाती चित्रपट येतो तो संकलन झाल्यावर, म्हणजे प्रत्येक दृश्याची लांबी आधीच ठरलेली असताना. दुसऱ्याने ठरवलेल्या लांबीत आपले संगीत मावेल, पण मावण्यासाठी कापलेले वाटणार नाही, हे या कामातले मुख्य कसब आहे.

दृश्य पाहणे आणि जागा ठरवणे

चित्रपट पहिल्यांदा पाहताना वाद्य, वही आणि फोन तिन्ही दूर ठेवावेत आणि तो सलग, न थांबवता पाहावा. प्रेक्षक म्हणून आपल्याला तो एकदाच पाहायला मिळतो. कुठे मन गुंतले, कुठे कंटाळा आला आणि कुठे पुढचे आधीच कळले, या तीन गोष्टी पाहून झाल्यावर लगेच लिहून काढाव्यात, कारण पाचव्या-सहाव्या पाहण्यानंतर त्या पुन्हा सापडत नाहीत.

दुसऱ्यांदा तो दिग्दर्शक आणि शक्य असल्यास संकलक यांच्यासह पाहावा. या बैठकीला स्पॉटिंग म्हणतात. पडद्यावर टाइमकोड, म्हणजे चालू क्षणाची वेळ दाखवणारे आकडे, दिसणारी प्रत मागून घ्यावी आणि संगीताचा प्रत्येक तुकडा, म्हणजे प्रत्येक क्यू, कुठून कुठपर्यंत आहे आणि तो कशासाठी आहे, हे समोरासमोर लिहून घ्यावे. 'कशासाठी' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेकांच्या वहीत कोरा असतो. दिग्दर्शक म्हणेल, "इथं जरा इमोशनल काहीतरी पाहिजे." त्यावर मान डोलावून पुढे जाऊ नये. "हे दृश्य वडिलांचं की मुलाचं?", "प्रेक्षकाला इथे असं काही माहीत आहे का, जे पात्राला माहीत नाही?", "संगीत नसेल तर काय कमी पडतं?" असे साधे प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नावर काही क्षण शांतता पसरून "खरं म्हणजे काहीच नाही" असे उत्तर आले, तर तो क्यू वहीतून खोडून टाकावा. मानधन मिनिटांवर ठरलेले असले तरी खोडावा.

पात्र जे बोलून दाखवते आहे तेच संगीताने पुन्हा सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. आई रडत रडत "माझं पोर गेलं" म्हणत असताना खाली सारंगीही रडू लागली, की दोन्हींचे बळ घटते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'मध्ये रविशंकरांचे संगीत आहे. १९५५ च्या या चित्रपटात मुलीच्या मृत्यूची बातमी बापाला कळते त्या क्षणी आईचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. तिच्या मुखातून निघणाऱ्या किंकाळीच्या जागी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावरचे पटदीप रागाचे वरचे स्वर येतात. संगीत तिथे दुःखाला जोड देत नाही, ते प्रत्यक्ष आवाजाची जागा घेते. अशी जागा प्रत्येक चित्रपटात मिळेल असे नाही, परंतु ती शोधण्याची सवय लावून घ्यावी.

दिग्दर्शकाने संकलन करताना दुसऱ्या एखाद्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावलेले असेल, तर ते का लावले हे विचारावे. त्यातून संगीत कुठे प्रवेश करते, लय साधारण किती आहे आणि वाद्यमेळ भरगच्च आहे की विरळ, एवढेच टिपावे. नंतर ती प्रत बंद करून संगीत नसलेली प्रत मागावी. उसन्या संगीतावर पंधरा दिवस काम केले की आपली चाल नकळत त्याच वळणाने जाऊ लागते, आणि मग ती कायद्यालाही खटकते आणि कानालाही.

आणखी एक पथ्य असे की संकलन पक्के होईपर्यंत, म्हणजे चित्र लॉक होईपर्यंत, सेकंदांचे काम सुरू करू नये. त्याआधी मुख्य चाली, वाद्यांची निवड आणि स्वरांचे प्रयोग करण्यास भरपूर वाव असतो.

मात्रा आणि फ्रेम

चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या गतीने चालतो आणि भारतातील दूरचित्रवाणी २५ फ्रेमने. काम सुरू करण्यापूर्वी हा आकडा संकलकाला लेखी विचारावा. २४ फ्रेमचा चित्रपट कुणी २५ च्या गतीने चालवून तुमच्याकडे दिला, तर तासाभरात २ मिनिटे २४ सेकंदांचा फरक पडतो आणि तुमचा प्रत्येक क्यू थोडा थोडा सरकत जातो.

फ्रेम आणि मात्रा यांचा हिशेब तोंडी करता येतो. मिनिटाला जितक्या मात्रा ती लय धरली, तर २४ फ्रेमच्या चित्रपटासाठी १४४० ला लयीने भागावे, म्हणजे एका मात्रेत किती फ्रेम बसतात ते कळते. २५ फ्रेमसाठी १५०० ला भागावे. लय ६० असेल तर मात्रा २४ फ्रेमची, ७२ असेल तर २० फ्रेमची, ९० असेल तर १६ फ्रेमची. सॉफ्टवेअर हे सारे आपोआप करते हे खरे, तरीही हा हिशेब हाताशी असलेला बरा, कारण दिग्दर्शकाशी बोलताना तो तिथल्या तिथे लागतो.

आता एक दृश्य तपशिलाने पाहू. करवीर तालुक्यातले एक गुऱ्हाळ आहे. चरक चालू आहे, काहिलीतून वाफ निघते आहे, गुळव्या रस ढवळतो आहे. मुलगा जमिनीच्या विक्रीचे कागद वडिलांपुढे धरतो, दोघांत चार वाक्ये होतात आणि शेवटचे वाक्य २५ व्या सेकंदाला संपते. २६ व्या सेकंदाला वडिलांची नजर कागदावर उतरते. ४१ व्या सेकंदाला ते पेन हातात घेतात. १ मिनिट ६ सेकंदांनी सही पूर्ण होते. त्यानंतर वडील काही न बोलता काहिलीपाशी जाऊन उभे राहतात आणि १ मिनिट ४८ सेकंदांवर दृश्य संपते.

संगीत सुरुवातीपासून असावे असा आग्रह होण्याची शक्यता आहे. माझ्या मते पहिले २६ सेकंद चरकाच्या आवाजाचेच आहेत. तो आवाज त्या माणसाचे आयुष्य आहे आणि तो पुसला तर जमीन जाते आहे हे प्रेक्षकाला कानाने कळणार नाही. संवाद संपल्यावर, नजर खाली गेली की संगीताने यावे, आणि येताना ते चरकाच्या घरघरीतूनच निघाल्यासारखे यावे. त्यासाठी चरकाच्या आवाजाचा स्वर पेटीवर शोधून, तंबोऱ्याचा किंवा चेलोचा खर्ज त्याच्याशी जुळता ठेवल्यास प्रवेश कुठे झाला हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

लय ठरवण्यासाठी दृश्य तीन-चार वेळा पाहत मांडीवर ठेका धरावा. नटाच्या हालचालीला आणि कटांना स्वतःची लय असते आणि हात ती पकडतो. समजा ती ७० च्या आसपास आली. संगीताची सुरुवात आणि सही यांत ४० सेकंद आहेत. ७० च्या लयीने ४० सेकंदांत साधारण ४७ मात्रा होतात. जवळचा सोयीचा आकडा ४८. आता उलट हिशेब मांडावा : मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. ४८ गुणिले ६० भागिले ४० म्हणजे ७२. लय ७२ धरली की ४८ मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन पुरी आवर्तने होऊन चौथ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, बरोबर सहीवर येते. पेन हातात घेण्याचा क्षण सुरुवातीपासून १५ सेकंदांवर, म्हणजे १८ मात्रा झाल्यावर, दुसऱ्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर पडतो. तिथे मुद्दाम आघात करू नये. पेन उचलणे हा अजून विचारच आहे आणि तो ठळक केला तर सहीचे वजन कमी होते.

सहीवर सम येते म्हणून तिथे मोठा आघात द्यावा असेही नाही. मी तिथे संगीत थांबवीन. तीन आवर्तने कानात बसल्यावर समेची अपेक्षा तयार झालेली असते. त्या समेवर वाद्ये गप्प झाली आणि चरकाचा आवाज तेवढा मोकळा राहिला, तर प्रेक्षकाला आपण काहीतरी गमावले असे वाटते, आणि त्याला कारण शोधावे लागत नाही. पुढची ४२ सेकंदे संगीताशिवाय चालतील. दिग्दर्शक घाबरला तर त्याला दोन्ही प्रती ऐकवाव्यात, परंतु शांततेची प्रत आधी ऐकवावी.

चित्र लॉक झाल्यावरही बदल होतात, हे गृहीत धरूनच रचना करावी. संकलकाने या ४० सेकंदांतून एक सेकंद काढला, तर ४८ मात्रा ३९ सेकंदांत बसवायला लय ७३.८ करावी लागते; हा फरक कुणाच्याही कानाला जाणवत नाही. सहा सेकंद काढले तर मात्र त्याच मात्रांना ८४ च्या वर लय लागेल आणि दृश्याचा भार जाईल. अशा वेळी आठ मात्रा गाळून ४० मात्रा ठेवल्या की लय ७०.६ येते. म्हणूनच सुरावट आठ-आठ मात्रांच्या वाक्यांत बांधावी, म्हणजे एखादे वाक्य काढले तरी सांधा दिसत नाही. सोळा मात्रांचे लांब, एकसंध वाक्य मैफलीत शोभते. पार्श्वसंगीतात ते पहिल्याच कात्रीखाली सापडते.

चित्रातील घटना आणि आघात यांच्यात एक-दोन फ्रेमचा फरक राहिला तर बिघडत नाही, मात्र आघात घटनेनंतर आलेला बरा. दार आपटण्याआधीच ढोल वाजला तर वादकाला कथा आधीच माहीत होती असे वाटते. प्रत्येक हालचालीवर वाद्य वाजवण्याचा मोहही टाळावा. पाऊल टाकले की एक स्वर, मान वळवली की दुसरा, ही पद्धत व्यंगचित्रपटांतून आली आणि ती तिथेच शोभते.

जिथे आलाप आहे तिथे क्लिक, म्हणजे कानात लय मोजणारी टिकटिक, देऊ नये. बासरीवाल्याच्या किंवा गायकाच्या कानात ७२ ची टिकटिक घालून आलाप मागितला, तर तो आलाप राहत नाही. त्याऐवजी त्याला पडद्यावर दृश्य दाखवावे आणि महत्त्वाच्या क्षणाआधी दोन सेकंद एक उभी रेघ पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकेल अशी सोय करावी. रेघ टोकाला पोहोचते तो क्षण कलाकाराला डोळ्याने कळतो आणि स्वर मोकळा राहतो.

स्वर, वाद्ये आणि संवादाची जागा

संपूर्ण चित्रपटासाठी एक किंवा दोन मुख्य चाली पुरेशा असतात. ती चाल चार-पाच स्वरांची असली तरी चालते, किंबहुना छोटीच असावी, कारण ती पुढे कधी संथ, कधी अर्धी, कधी केवळ खर्जात, कधी दुसऱ्या वाद्यावर येणार असते. तिचा पूर्ण उच्चार चित्रपटात एखाद-दुसऱ्या ठिकाणीच करावा.

रागाचा उपयोग करताना अख्खा राग मांडण्याची घाई करू नये. कोल्हापूर ही जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची कर्मभूमी, त्यामुळे इथल्या तयारीच्या कलाकाराला अनवट राग सहज सुचतो आणि तो पूर्ण दाखवावासाही वाटतो. परंतु दीड मिनिटाच्या दृश्यात कोमल ऋषभ आणि षड्ज यांच्यातील अंतर नुसते दाखवले तरी पहाटेची अस्वस्थता येते. राग ओळखता आला पाहिजे अशी अपेक्षा प्रेक्षकाकडून नसते. त्याने पात्राकडे पाहावे एवढीच असते.

संवादांखालचे संगीत ही वेगळी विद्या आहे. शब्दांची स्पष्टता मुख्यतः एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि पेटी, सनई, व्हायोलिनचे वरचे स्वर नेमके तिथेच दाटी करतात. संवाद चालू असताना खर्जातील लांब स्वर, तंबोरा, चेलो किंवा मंद्र सप्तकातील बासरी वापरावी. सुरावटीची हालचाल वाक्यांमधल्या विरामांत करावी. आवाज कमी करून हा प्रश्न सुटतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हळू आवाजातली दाटीवाटीची सुरावट शब्दांना अधिकच त्रास देते, कारण कान ती ऐकण्याचा प्रयत्न करतो.

वाद्यांना गावाची आणि प्रसंगाची ओळख असते, हे विसरू नये. ढोलकीची एक थाप पडली की प्रेक्षकाच्या मनात फड उभा राहतो, मग दृश्य बँकेतले का असेना. हलगी वाजली की कुस्ती, मिरवणूक किंवा हाणामारी. ही ओळख सोयीची असते, परंतु कोल्हापूर दाखवायचे म्हणजे हलगी, तुतारी आणि ढोल एकदम सुरू करायचे ही आता इतकी सवयीची गोष्ट झाली आहे, की त्यातून कोल्हापूर ऐकूच येत नाही. हलगीचा एकच आघात, त्यानंतर चार सेकंदांची शांतता आणि पुन्हा एक आघात एवढ्याने रात्रीच्या रिकाम्या तालमीतली धास्ती उभी राहते. धनगरी ढोलाचा संथ ठेका प्रवासाच्या दृश्याला जे देतो, ते संगणकातला कोणताही तयार ढोल देत नाही. आपल्या जवळची वाद्ये त्यांच्या नेहमीच्या प्रसंगातून बाहेर काढून वापरणे, हे इथल्या संगीतकाराला मुंबईतल्या संगीतकारापेक्षा सहज जमण्यासारखे आहे, आणि ते त्याने केले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

रेकॉर्डिंग

तंतुवाद्यांचा मोठा समूह संगणकातील नमुन्यांवरून उभा करणे खर्चाच्या दृष्टीने अपरिहार्य असते. तरीही प्रत्येक महत्त्वाच्या क्यूमध्ये किमान एक जिवंत वाद्य असावे. एक खरी सारंगी किंवा एक खरे व्हायोलिन वर असले, की खालचा संगणकी थरही त्याच्या आधाराने श्वास घेऊ लागतो.

हलगीचे उदाहरण घेऊ. तिचे चामडे शेकून ताणलेले असते आणि कोल्हापूरच्या पावसाळी हवेत ते काही मिनिटांत उतरते. पहिल्या टेकमधली हलगी आणि दहाव्या टेकमधली हलगी यांचा आवाज एकमेकांशी जोडता येत नाही, म्हणून शेकण्याची सोय खोलीबाहेर पण हाताशी ठेवावी आणि दर दोन-तीन टेकनंतर पहिल्या टेकशी आवाज ताडून पाहावा. वादकाकडे दोन हलग्या असल्या तर उत्तम. एक वाजत असताना दुसरी शेकता येते. मायक्रोफोन चार-पाच फूट दूर ठेवावा आणि पातळी ठरवताना वादकाला "मैदानात वाजवता तसं वाजवा" असे सांगावे, कारण तपासणीच्या वेळी वादक हळू वाजवतो आणि खऱ्या टेकला हात मोकळा सोडतो. घराच्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज फार कडक लागतो. वादकाच्या मागच्या आणि समोरच्या भिंतीवर जाड वाकळा टांगल्या तर पुष्कळ फरक पडतो. हलगीच्या साथीचे घुमके आणि कैताळ शक्यतो स्वतंत्र टेकमध्ये घ्यावेत, म्हणजे संवाद, ध्वनी आणि संगीत एकत्र जुळवताना, मिक्सिंगच्या वेळी, संवादांखाली त्यांना वेगवेगळे आवरता येते.

पेटीचा प्रश्न निराळा आहे. जुन्या पेट्या आजच्या प्रमाण स्वराशी, म्हणजे ४४० हर्ट्झच्या 'ए' या स्वराशी, जुळतातच असे नाही, आणि पेटीचे स्वर ऐनवेळी बदलता येत नाहीत. सेशन सुरू करण्यापूर्वी ट्यूनरवर पेटीचा तो स्वर मोजावा. तो ४४४ निघाला तर संगणकातील सगळी वाद्ये ४४४ ला न्यावीत. ते एका बटणाचे काम आहे. तंबोरा आणि बाकीची तंतुवाद्ये मग पेटीशी मिळवावीत. तंबोऱ्यासाठी मिरज जवळच आहे, चांगले वाद्य आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही तिथे मिळतात. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी झंकार, नीट काढलेला एक खरा तंबोरा दहा मिनिटे सलग रेकॉर्ड करून ठेवला, तर तो अनेक क्यूंना पुरतो.

वादकाला दृश्य दाखवावे. केवळ नोटेशन आणि क्लिक देऊन काम उरकणे सोपे असते, पण आपण कोणत्या प्रसंगासाठी वाजवतो आहोत हे कळले की अनुभवी वादक एखादी मींड स्वतःहून कमी करतो किंवा एक स्वर उशिरा लावतो, आणि तीच त्या क्यूमधली सर्वांत चांगली गोष्ट ठरते.

मालिकेचे काम

दैनंदिन मालिकेत प्रत्येक भागाला नवे संगीत करायला वेळ नसतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटांचा मजकूर असतो आणि भाग जवळजवळ रोज प्रसारित होतो. म्हणून मालिका सुरू होण्यापूर्वी संगीताचा साठा तयार करावा लागतो : शीर्षकगीत, मुख्य पात्रांच्या चाली आणि त्या चालींची करुण, हळवी, तणावाची, खेळकर अशी रूपे. प्रत्येक रूप लांब आणि आखूड अशा दोन-तीन मापांत, आणि ताल, सुरावट व खर्ज वेगवेगळे करून द्यावे, म्हणजे भाग तयार करणाऱ्याला ते जोडता-तोडता येतात. प्रत्येक तुकड्याला स्पष्ट शेवट असावा. शेवट नसलेला तुकडा हळूहळू विरवावा लागतो आणि महिन्याभरात सगळी मालिका विरत चालल्यासारखी ऐकू येते. फाइलींना 'सॅड-१', 'सॅड-२' अशी नावे देण्याऐवजी पात्र, भाव आणि लांबी सांगणारी नावे द्यावीत, कारण रात्री अकरा वाजता भाग लावणाऱ्याला शोधण्यासाठी अर्धा मिनिटच मिळतो.

घरोघरी टीव्ही स्वयंपाकघरातून ऐकला जातो, त्यामुळे मालिकेचे संगीत लहान स्पीकरवर आणि फोनवर ऐकूनच पक्के करावे. ज्या क्यूचा सारा जीव खर्जात आहे, तो तिथे ऐकूच येत नाही.

सुपूर्त करणे आणि हक्क

फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापात द्याव्यात. गाण्याच्या सीडीसाठी वापरले जाणारे ४४.१ इथे चालत नाही. प्रत्येक फाइलीच्या नावात क्यूचा क्रमांक आणि सुरुवातीचा टाइमकोड असावा. '१एम२' म्हणजे पहिल्या रिळातला दुसरा क्यू, ही रिळांच्या काळातली पद्धत अजूनही सोयीची आहे. पूर्ण लांबीची फाइल देत असाल, तर चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमची बीप ठेवावी, म्हणजे मिक्सिंग करणाऱ्याला ती चित्राशी डोळे मिटून जुळवता येते. आवाज फुगवून देऊ नये. सर्वोच्च आघात उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिला तर मिक्सिंगला जागा उरते. ताल, तंतुवाद्ये, मुख्य सुरावट आणि खर्ज यांचे स्वतंत्र स्टेम, म्हणजे प्रत्येक गटाची वेगळी फाइल, द्यावेत. शेवटच्या मिक्सिंगला स्वतः हजर राहावे आणि तिथे संवादाला व ध्वनींना प्राधान्य द्यावे. आपला आवडता क्यू तिथे खाली गेला तर बहुधा ते योग्यच असते.

करार लेखी असावा, ओळखीच्या निर्मात्याशीही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारे प्रदर्शन सोडून इतर वापरांतून मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला आहे, आणि तो हक्क निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. आपल्या वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला तेवढा देता येतो. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचे सभासदत्व पहिल्या प्रसारणाआधीच घ्यावे. कोणता क्यू किती सेकंद वाजला, तो कुणाचा आणि कशा प्रकारे वापरला, याचा तक्ता म्हणजे क्यू शीट. मिक्सिंग संपल्यावर त्याच आठवड्यात ती भरून निर्मात्याकडे आणि संस्थेकडे द्यावी. पारंपरिक ओवी किंवा धनगरी ओवी वापरली असेल तर ती पारंपरिक आहे असे त्या तक्त्यात स्पष्ट लिहावे, आणि ती ज्या कलाकाराने गायली वा वाजवली त्याचे नाव श्रेयनामावलीत येईल हे करारातच लिहून घ्यावे. हलगीवाल्याचे मानधन टेक झाल्यावर त्याच दिवशी द्यावे. निर्मात्याचा हप्ता कधी येतो याच्याशी त्याचा संबंध नसतो.